डोंबिवली ते नागपूर: आईची अकरा झाडं नवतपात उतरली तेव्हा

आईच्या डोंबिवलीच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. ७९-अ ची (म्हणजे पुनर्विकासासाठी सहकार कायद्यातल्या त्या कलमाखाली होणारी) सोसायटीची सभा, विकासकाशी करार, त्याची नोंदणी असं करता करता दोन वर्षं गेली आणि मार्च २०२४ मध्ये नोटीस लागली: ३१ मेपर्यंत घरं रिकामी करून किल्ल्या द्यायच्या. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहत होती, त्यामुळे नवी इमारत होईपर्यंत ती नागपूरला माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. पलंग, कपाट, भांडी यांची यादी एका संध्याकाळी झाली. तेवीस कुंड्यांचं काय करायचं, यावर मात्र आम्ही महिनाभर बोलत होतो.

त्यातली बरीच झाडं बाबांनी लावलेली. दिवाणखान्यातला रबर प्लांट त्यांनी निवृत्तीच्या वर्षी आणला होता. आई एवढंच म्हणाली, "हा राहिला तर मी तिथे रमेन." त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

मी शाळेत शिकवते, म्हणजे मे महिना हातात होता. झाडं लांब पाठवायची म्हणून माहिती शोधायला लागले, तर जे मिळालं ते सगळं नर्सरीतून मागवलेल्या लहान रोपांबद्दल. जुनी, कुंडीत मुरलेली, दमट हवेत वाढलेली घरातली झाडं ट्रकनं आठशे किलोमीटरवर आणि तीही मे महिन्याच्या विदर्भात न्यायची, तर पुढे त्यांचं काय करायचं, हे कुठे एका जागी सापडलं नाही. म्हणून जे घडलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी कुरिअरवाल्यांना विचारलं. दोघांनी "जिवंत झाडं घेत नाही" म्हणून फोन ठेवला. तिसरा घेईन म्हणाला, पण एका खोक्याला वीस किलोची मर्यादा, म्हणजे रबर प्लांट बाद. शेवटी घरसामान नेणाऱ्या कंपनीलाच झाडंही द्यायची ठरली. आमचं सामान पूर्ण ट्रकभर नव्हतं, म्हणून 'पार्ट लोड'. म्हणजे एका ट्रकमध्ये तीन-चार घरांचं सामान जातं. झाडांचे वेगळे २,६०० रुपये लावले आणि सांगितलं की विमा सामानाचा होईल, झाडांचा होणार नाही. बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, झाडांपुढे 'मालकाच्या जबाबदारीवर' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, सही केली. विचारायला हवी होती ती गोष्ट विचारलीच नाही: गाडी भरायला किती दिवस लागतील? पार्ट लोड म्हटलं की हा प्रश्न पहिला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तेवीसमधली अकरा निवडली. बाकीची शेजारपाजारी, एक जास्वंद खालच्या वॉचमनच्या बायकोकडे. न्यायची ती अशी: रबर प्लांट, मनी प्लांट, पीस लिली, कॅलाथिया, दोन अ‍ॅग्लोनिमा, पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, झेडझेड, स्पायडर प्लांट, सिंगोनियम आणि होया. तुळस आई हातातूनच आणणार होती.

१७ मेला मी डोंबिवलीला पोचले. मातीच्या कुंड्या जड आणि फुटणाऱ्या, म्हणून शक्य ती झाडं मातीच्या गोळ्यासकट प्लॅस्टिकच्या कुंड्यांत बसवली. एकाचीही मुळं मोकळी केली नाहीत. १९ ला संध्याकाळी शेवटचं पाणी, तेही बेताचं. माती ओलसर हवी, चिखल नको. २० तारखेला कल्याण मतदारसंघाचं मतदान होतं आणि आईला मत दिल्याशिवाय गाव सोडायचं नव्हतं. मतदान करून आलो आणि बांधायला बसलो. मातीवर वर्तमानपत्राचे चार थर, त्यावर सुतळी, म्हणजे कुंडी कलंडली तरी माती सांडत नाही. पानं वर गोळा करून बांधायची होती. त्यासाठी आईनं तिच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या फाडल्या. प्लॅस्टिकनं पानांना घाम येतो, साडीतून हवा जाते. खोक्यांना चारही बाजूंनी रुपयाच्या नाण्याएवढी भोकं पाडली, वरच्या बाजूला मोठ्या बाणासह 'ही बाजू वर' असं मराठीत आणि हिंदीत लिहिलं. रबर प्लांट साडेपाच फुटांचा. त्याला दोन खोकी एकावर एक जोडून उभा केला.

२१ मे, मंगळवार. सकाळी माणसं आली, तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय सगळं उतरवलं. "परवा गाडी निघेल, शुक्रवारी नागपूर." त्याच रात्री आम्ही कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. तुळशीची कुंडी आईनं रात्रभर पायाशी धरली होती.

गुरुवारी, २३ ला, गाडी निघालीच नाही. सामान भिवंडीच्या गोदामात होतं. त्याच दिवशी दुपारी डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात स्फोट झाल्याची बातमी आली आणि आई संध्याकाळपर्यंत एकेका शेजाऱ्याला फोन लावत बसली. झाडांचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही. शुक्रवारी मी फोन केला, उत्तर मिळालं, "ताई, गाडी भरली की सुटते." शनिवारीही तेच. शनिवार म्हणजे २५ मे, नवतपा सुरू होण्याचा दिवस. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. इकडे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन याच दिवसांत पडतं असं मानतात, आणि त्या वर्षी ते तसंच पडलं. बंद खोकं, पत्र्याचं गोदाम, मग पत्र्याचा ट्रक. मला रात्री झोप लागत नव्हती.

रविवारी गाडी सुटली. २८ तारखेला रात्री उशिरा नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचली. घरपोच द्यायचं सामान दुपारनंतर येणार होतं, पण झाडांना दुपारी टेम्पोत बसवणं शक्य नव्हतं. २९ ला पहाटे साडेपाचला नवरा आणि मी छोटा टेम्पो घेऊन गेलो, बिल्टी दाखवली, २०० रुपये हमाली दिली आणि सात वाजायच्या आत पाचही खोकी घरात आणली. टेम्पोचे ६०० झाले. उन्हाळ्यात झाडं येणार असतील तर घरपोचची वाट बघू नका, सकाळी जाऊन घेऊन या. ते ६०० रुपये वसूल झाले असं मला आजही वाटतं.

खोकं उघडण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. हा पुढे उपयोगी पडला.

पहिल्या खोक्यातून आंबूस, कोंदट वास आला. फ्लॉवरची भाजी पिशवीत विसरली की येतो तसा. मनी प्लांटची निम्मी पानं लिंबासारखी पिवळी पडली होती आणि हात लावला की देठापासून सुटत होती. एक खोकं प्रवासात उलटं झालेलं होतं. त्यातल्या सिंगोनियमच्या फांद्या मोडल्या होत्या. पीस लिलीनं पूर्ण मान टाकली होती, पानं कुंडीच्या काठावरून ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. कॅलाथियाच्या पानांच्या कडा पापडासारख्या झालेल्या. रबर प्लांटचा शेंडा तुटला होता आणि त्यातून वाहिलेला पांढरा चीक खोडावर तपकिरी होऊन वाळला होता. स्नेक प्लांट, झेडझेड, होया आणि स्पायडर प्लांट मात्र जसेच्या तसे दिसत होते. आई पलंगाच्या कडेला बसून बघत होती. ती म्हणाली, "प्रवासाला निघालेल्या माणसाचं तोंडही असंच होतं. बसू दे त्यांना जरा."

आईचं ऐकायला हवं होतं. मी ऐकलं नाही. घाबरून अकराही कुंड्यांना भरपूर पाणी घातलं.

हीच ती चूक, म्हणून थोडं थांबून सांगते. हादऱ्यांनी मुळांवरचे अगदी बारीक केस तुटतात. झाड पाणी पितं ते मुख्यतः त्यांच्यातून. ते तुटले की माती ओली असली तरी पानापर्यंत पाणी चढत नाही आणि पान मलूल दिसतं. आपल्याला वाटतं तहान लागली आहे. आपण आणखी पाणी घालतो, मातीतली हवा निघून जाते आणि दुखावलेलं मूळ कुजायला लागतं. म्हणून पानाकडे बघून पाणी घालायचं नाही, बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. माती कोरडी आणि पान मलूल, तर तहान. माती ओली आणि पान मलूल, तर मूळ दुखतं आहे, पाण्याला हात लावायचा नाही. माझ्या अकरांपैकी खरी तहान फक्त पीस लिलीला आणि स्पायडर प्लांटला होती. पीस लिलीची माती इतकी वाळली होती की वरून घातलेलं पाणी कडेकडेनं खाली निघून गेलं. दहाच्या सुमारास ती बादलीत चार बोटं पाणी घेऊन अर्धा तास ठेवली, तळातून पाणी ओढू दिलं. दुपारी दोनला ती उभी होती.

पिवळ्या पानांचंही कारण नंतर कळलं. झाड स्वतः इथिलीन नावाचा वायू सोडतं, ज्यानं केळी पिकतात तोच. मोकळ्या हवेत तो उडून जातो. बंद खोक्यात साठतो आणि पानं पिकून गळतात. अंधारानं त्यात भर पडते. म्हणजे ते पिवळेपण म्हणजे रोग नव्हे, त्याला औषध लागत नाही. पूर्ण पिवळी पानं काढायची, अर्धी हिरवी असलेली राहू द्यायची. तेवढ्या हिरव्यावरही झाड काम करत असतं.

३० मेला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि फोनवर फोन सुरू झाले. तो आकडा सेन्सरच्या दोषामुळे आलेला होता असं नंतर हवामान खात्यानं सांगितलं, पण पंचेचाळीसच्या आसपास तर होतंच. खरी अडचण उष्णतेपेक्षा कोरड्या हवेची होती. मी ३८० रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मागवलं. दुपारी तीनला आमच्या बोळातल्या खोलीत १७ टक्के. डोंबिवलीत ही झाडं मे महिन्यात साठ-सत्तर टक्क्यांत राहत होती. त्यांची पानं त्या हवेसाठी घडलेली.

मग आम्ही नागपूरकर स्वतःसाठी जे करतो तेच त्यांच्यासाठी केलं. मधल्या खोलीत कूलर असतो, नव्या वाळ्याच्या ताट्या नुकत्याच बसवल्या होत्या. सगळ्या कुंड्या त्या खोलीत, कूलरच्या झोतापासून बाजूला, कोपऱ्यात दाटीवाटीनं ठेवल्या. झाडं जवळजवळ असली की एकमेकांच्या श्वासानंही थोडा ओलावा राहतो. यंत्रावर ५५ आलं. झोतासमोर मात्र ठेवू नका. एक दिवस सिंगोनियम तिथे राहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची उरलेली पानं गुंडाळली गेली. आणखी एक: कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना घालायचं नाही. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते दिवसेंदिवस जड होत जातं. वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीतून टपकणारं पाणी मी बाटलीत धरायचे, ते हलकं असतं, कॅलाथियाला तेच घातलं.

कॅलाथियासाठी आणखी एक केलं. ब्लँकेट येतं ती मोठी पारदर्शक पिशवी कुंडीत तीन काड्या रोवून त्यांवर चढवली. आत वाफ धरते. रोज सकाळी अर्धा तास पिशवी काढायची, नाहीतर बुरशी येते.

तिसऱ्या दिवशी माझी दुसरी चूक झाली. एका अ‍ॅग्लोनिमाची माती दगडासारखी वाटली म्हणून मी तिची कुंडी बदलली, मुळं सोडवली, वर गांडूळखत घातलं. चार दिवसांत ती देठापासून लोळली. तिची जुळी बहीण शेजारीच, त्याच दगडासारख्या मातीत, हात न लावता ठेवलेली होती. ती वाचली. आमच्या भागातल्या नर्सरीवाल्या दादांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "काही करू नका ना ताई. महिनाभर खत नाही, कुंडी बदलणं नाही, उन्हात ठेवणं नाही. जे झाड काही करत नाही ते मेलं असं समजू नका." त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, विकत घ्यायला लावलं नाही. फक्त परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मीच घेतलं, १६० रुपयांचं.

३ जूनला नवतपा संपला होता. त्या दिवशी स्नेक प्लांट उचलायला गेले तर मधलं पान हातात आलं. बुडाशी पिवळट, लिबलिबीत, आणि वास. वरून हे झाड सगळ्यांत धडधाकट दिसत होतं. या झाडाच्या पानांत भरपूर पाणी साठलेलं असतं, त्यामुळे आतून कुजलं तरी वरून बरेच दिवस कळत नाही, आणि मी पहिल्याच दिवशी ओल्या मातीवर पाणी ओतलं होतं. कुंडीतून काढलं, माती झटकली, स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं तपकिरी, मऊ मुळं पांढरा, टणक भाग दिसेपर्यंत कापली. उरला तो आल्याएवढा एक कंद आणि त्यावर दोन पानं. तो दोन दिवस वर्तमानपत्रावर सावलीत वाळू दिला. जखम कोरडी झाली की मगच निम्म्या परलाईटच्या मिश्रणात लावला आणि आठवडाभर पाणी दिलं नाही. पानांचे तुकडे करूनही हे झाड लावता येतं, पण पिवळ्या काठाच्या जातीत पानापासून आलेली रोपं साधी हिरवी निघतात. आईला तो पिवळा काठ हवा होता, म्हणून कंद जपला.

होयाचं तसंच झालं होतं आणि तिथे कापायला चांगलं काही उरलंच नाही. ती ५ जूनला गेली. आईनं तिची रिकामी कुंडी धुऊन उपडी ठेवली आणि तेवढंच म्हणाली की बाबांनी ती ठाण्याच्या प्रदर्शनातून आणली होती.

रबर प्लांटकडे बघवत नव्हतं. आला तेव्हा त्याला चौदा पानं होती. रोज सकाळी एक खाली पडलेलं असायचं, कधी दोन. आई ते उचलायची, पुसायची आणि वर्तमानपत्रात ठेवायची. १२ जूनला तीन पानं उरली. त्या दिवशी मी तिला सांगितलं की आता याची आशा धरू नकोस. ती उठली, चष्मा लावला आणि अंगठ्याच्या नखानं खोडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडली. खाली ओलं, पोपटी हिरवं होतं आणि क्षणात तिथे चिकाचा पांढरा थेंब उभा राहिला. तिनं वर आणखी वीतभर जाऊन पुन्हा खरवडली. तिथेही हिरवं. तिसऱ्यांदा, तुटलेल्या शेंड्याच्या जरा खाली, तपकिरी आणि कोरडं. "इथवर आहे," असं म्हणून तिनं त्या जागी दोरा बांधला. मी दोऱ्याच्या वरचं सगळं कापून टाकलं.

तुमचं झाड पूर्ण उघडं पडलं असेल तर हे आधी करा. हिरवं आणि ओलं दिसलं तर ते जिवंत आहे, मग वाट बघायची. पाणी मात्र निम्म्याहून कमी करायचं, कारण पानं नाहीत तर पाणी पिणारं कोणी नाही.

त्याच आठवड्यात सिंगोनियमच्या देठांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण. दमलेल्या झाडावर तो हमखास येतो, आणि आम्ही सगळी झाडं दाटीनं ठेवलेली. सिंगोनियम लगेच न्हाणीघराच्या खिडकीत वेगळं काढलं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुंजका टिपला, आणि संध्याकाळी एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब असं हलवून फवारलं. दर पाच दिवसांनी, चार वेळा. दिवसा फवारू नका, पानं भाजतात. खरं तर ही सगळी झाडं आल्यापासून तुळशीपासून तरी लांब ठेवायला हवी होती. नशिबानं तुळस अंगणात होती.

१७ जूनची रात्र. साडेनऊला आई मधल्या खोलीतून हाक मारत होती. कॅलाथिया रात्री पानं उभी करते आणि सकाळी पुन्हा आडवी पसरते, हे ज्यांच्याकडे ती आहे त्यांना माहीत असेल. देठ आणि पान जिथे मिळतं तिथे एक छोटी फुगीर गाठ असते, तिच्यात पाणी भरतं आणि ओसरतं, त्यावर पान हलतं. आल्यापासून एकोणीस दिवस तिची पानं रात्रंदिवस तशीच पसरलेली होती. त्या रात्री पिशवीच्या आत पाचांपैकी दोन पानं उभी राहिली होती, खालची जांभळी बाजू दिसत होती. करपलेल्या कडांसकट. आम्ही दिवा मालवला आणि तशीच थोडा वेळ बसलो.

जून संपता संपता पाऊस लागला आणि पुढचं बरंचसं काम हवेनंच केलं. यंत्रावर ऐंशी दिसायला लागलं. मनी प्लांटचे मी आधीच सहा तुकडे करून पाण्यात ठेवले होते, प्रत्येकाला एक तरी पेर, कारण मुळं पेरातूनच फुटतात. सहाही लागले. झेडझेडला तर काही झालंच नव्हतं. त्याच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, तो त्यांच्यावर महिना काढतो. प्रवासाला पाठवायचं एकच झाड निवडायचं असेल तर तो निवडा.

१ जुलैला शाळा उघडली. ४ तारखेला संध्याकाळी घरी आले तर आई दारातच उभी. रबर प्लांटच्या खोडावर, दोऱ्याच्या खुणेखाली दोन बोटांवर, पानाच्या जुन्या वणाशी एक लाल टोक आलं होतं. गव्हाच्या दाण्याएवढं. पुढे अकरा दिवसांत ते करंगळीएवढं लांब झालं, लाल आवरण गळून पडलं आणि आतून गुंडाळलेलं तांबूस पान सुटलं. बाबांचं झाड होतं. आई त्या दिवशी कोणालाच फोन न करता बराच वेळ त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसली.

मधल्या काळात कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता. झाडांच्या नुकसानीबद्दल त्यांनी बिल्टीवरच्या शेऱ्याकडे बोट दाखवलं आणि तिथे माझं काही चालणार नव्हतं, सही माझी होती. पण शुक्रवारी पोचवतो असं त्यांनी मोबाईलवर लिहून दिलं होतं आणि सामान पाच दिवस उशिरा आलं होतं. तीन ईमेलना उत्तर आलं नाही, तेव्हा १० जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. बिल्टी, तो संदेश, आणि खोकी उघडतानाचा व्हिडिओ अशा तीन गोष्टी जोडल्या. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. दोन वेळा फोन आले, कंपनीनं आधी ५०० देऊ केले, मी नाही म्हटलं. १८ जुलैला झाडांच्या वाहतुकीच्या २,६०० पैकी १,५०० रुपये खात्यात परत आले. मला पैशांपेक्षा उशीर झाला हे त्यांनी लेखी मान्य केलं याचं समाधान जास्त वाटलं.

एकूण खर्च विचारतात म्हणून: वाहतूक, हमाली, टेम्पो मिळून ३,४००, यंत्र, परलाईट, कोकोपीट, नीम तेल, स्पिरिट मिळून साधारण ८००. त्यातले १,५०० परत आले.

कुंड्या बदलल्या त्या जुलैच्या शेवटी, ज्याला दोन नवी पानं आली त्याचीच. दोन भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर परलाईट. कुंडी आधीपेक्षा दोन बोटंच मोठी. खत ऑगस्टमध्ये, पाकिटावर लिहिलं असेल त्याच्या निम्मं. जुन्या करपलेल्या पानांच्या कडा पुन्हा हिरव्या होत नाहीत, त्याची वाट बघू नका. नवी पानं चांगली येत आहेत ना, तेवढं बघा. रबर प्लांटला सप्टेंबरपर्यंत तीन फांद्या फुटल्या. सरळसोट खांबासारखा होता, आता झाडासारखा दिसतो. अकरांपैकी नऊ आहेत. स्नेक प्लांटच्या कंदानं गणपतीत एक टोक वर काढलं, त्याला पिवळा काठ आहे.

ऑक्टोबरमध्ये डोंबिवलीच्या शेजारच्या काकूंचा मुलगा कामासाठी नागपूरला आला होता. काकूही आता बदलापूरला भाड्याच्या घरात आहेत. आईनं त्यांच्यासाठी मनी प्लांटच्या लागलेल्या तुकड्यांतले दोन काढले, मुळांना ओलं वर्तमानपत्र, त्यावर पिशवी, वरून साडीची चिंधी. मुलाला बजावलं की बॅगेत टाकू नकोस, हातात धर, आणि घरी गेल्यावर पाणी घालण्याआधी तुझ्या आईला मातीत बोट घालून बघायला सांग.